कांडीचा नंबर विचारता, मग पिल्लाच्या आईबापाचा का नाही?

गेली काही वर्षे दौंडच्या दवाखान्यात एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकतो आहे. कधी रेल्वे क्वार्टर्समधले काका, कधी कुरकुंभच्या कंपनीतला तरुण, कधी पाटसकडचा बागायतदार. "डॉक्टर, केसीआयचे पेपर आहेत, पस्तीस हजार मोजलेत, मग हा आठ महिन्यांत लंगडायला कसा लागला?" कागद, किंमत आणि आरोग्य ही सख्खी भावंडे आहेत, अशी या प्रश्नामागची समजूत. प्रत्यक्षात त्यांची एकमेकांशी ओळखही नसते.

गंमत अशी की हाच बागायतदार गाय माजावर आली की रेतन करणाऱ्याला दारातच अडवतो. "कुठल्या वळूची कांडी? नंबर दाखवा. त्याच्या आईचं दूध किती?" समोरची कालवड त्याच वळूची असेल तर दुसरी कांडी मागतो. शेजारी उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बायफ ही संस्था उभी केली, तेव्हापासून हे शहाणपण या पट्ट्यात मुरले आहे. म्हणजे तुम्हाला आनुवंशिकता शिकवायची गरजच नाही. ती गोठ्यात रोज वापरता. फक्त गोठ्याच्या दाराशी साखळीला असलेल्या कुत्र्यापर्यंत ती पोचलेली नाही.

कागद काय सांगतो आणि काय नाही

केनेल क्लब ऑफ इंडियाचा, म्हणजे चेन्नईच्या केसीआयचा दाखला हा सातबाऱ्यासारखा समजा. नाव कोणाचे ते कळते, विहिरीला पाणी लागेल का ते कळत नाही. पिल्लू नोंदवलेल्या आईबापाचे आहे, एवढेच तो सांगतो. बापाचे खुबे कसे आहेत, आईचे डोळे शाबूत आहेत का, यावर तो गप्प असतो.

तरी तो फेकून देऊ नका. त्यात वंशावळ असते आणि ती वाचता येते. आजोबा-पणजोबांच्या रकान्यांवरून बोट फिरवा. एकच नाव आईकडेही आणि बापाकडेही दिसले, तर थांबा. सख्ख्या बहीणभावांच्या किंवा बाप-लेकीच्या संबंधातून झालेल्या पिल्लात एकाच पूर्वजाकडून जनुकाच्या दोन सारख्या प्रती येण्याची शक्यता २५ टक्के असते. सावत्र बहीणभाऊ असतील तर साडेबारा, चुलतभावंडे असतील तर सव्वासहा टक्के. विकणारा याला "लाइन पक्की केलीय" म्हणतो. गोठ्यात असे कोणी केले, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

"डबल बोन", "हेवी बोन", "पंच फेस" हे शब्द जाहिरातीतले. कुत्र्याला हाडांचा एकच संच असतो. "डबल बोन" म्हणजे बहुतेक वेळा पिल्लू नुसते जाड आणि भराभर वाढवलेले. ज्याच्या खुब्यात आधीच दोष आहे, त्याला हे वजन आणखी गोत्यात आणते.

दोष दोन तऱ्हेचे

निर्णय घेण्यापुरते एवढेच समजून घ्या.

पहिली तऱ्हा एका जनुकाची. यातले बरेच दोष लपून राहतात. एक प्रत बिघडलेली असेल तर कुत्रा ठणठणीत दिसतो, पण तो वाहक असतो. दोन वाहक एकत्र आले की सरासरी चारातले एक पिल्लू बाधित निघते. दोघांनाही काही होत नसते, म्हणून मालक शपथेवर सांगतो, "आमच्याकडे असलं काही नाही." तो खोटे बोलत नसतो, त्याने तपासलेले नसते.

गायींत हे घडून गेले आहे. ऑस्बर्नडेल आयव्हनहो नावाचा होल्स्टिन वळू १९५२ साली जन्मला. लेकी दुभत्या निघाल्या, वंशज जगभर पोचले आणि त्यांच्याबरोबर एक लपलेला दोषही पोचला. दोन्हीकडून तो आला की वासराची प्रतिकारशक्तीच पांगळी होते आणि ते लहानपणीच दगावते. १९९० नंतर या दोषाचे जनुक सापडले, चाचणी आली. आज आपल्या देशातल्या वीर्यकेंद्रात होल्स्टिन वळू घ्यायचा, तर ही तपासणी करावी लागते. तुमच्या गायीला लावलेली कांडी त्या चाळणीतून आलेली असते. शहरातला एखादा नावाजलेला चॅम्पियन 'स्टड' मात्र पुण्यापासून सोलापूरपर्यंत माद्यांना लावला जातो, आणि त्याची चाळणी म्हणजे त्याचा फोटो.

दुसऱ्या तऱ्हेत अनेक जनुके आणि सोबत खाणे, वजन, फरशी, व्यायाम असे सगळे मिसळलेले असते. खुब्याचा सांधा सैल असणे, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, हा त्यातला मुख्य. याला डीएनए चाचणी पुरत नाही, एक्स-रेच लागतो.

यातून दोन गोष्टी ठरतात. लपलेल्या दोषासाठी गालाच्या आतला फाया किंवा रक्त प्रयोगशाळेत पाठवायचे. खर्च काही हजारांत जातो. मागवताना 'जात ओळखण्याची' नव्हे तर 'आजाराची' चाचणी मागवा, लोक यात हमखास घोळ घालतात. सांध्यासाठी गुंगी देऊन, कुत्र्याला पाठीवर निजवून, दोन्ही मागचे पाय सरळ ताणून एक्स-रे काढायचा. त्यावर तारीख आणि मायक्रोचिपचा क्रमांक हवाच. वय निदान एक वर्ष. दोन वर्षांचा एक्स-रे अधिक भरवशाचा.

जातवार काय विचारायचे

* लॅब्रॅडॉर: आईबाप दोघांचेही खुबा आणि कोपराचे एक्स-रे. डोळ्याच्या पडद्याचा आजार (पीआरए) आणि जोरात पळाल्यावर मागचे पाय गळून पडण्याचा विकार (ईआयसी), या दोन्हींच्या डीएनए चाचण्या. लॅब्रॅडॉर सदा भुकेला का, याचेही एक उत्तर जनुकात आहे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये या जातीच्या साधारण चौथाई कुत्र्यांत भूक वाढवणारा एक बदल सापडला. म्हणून "बघा कसा खातोय" याचे कौतुक करू नका, वाटी मोजून द्या.
* जर्मन शेफर्ड: खुबा, कोपर आणि उतारवयात मागचे पाय लुळे पाडणाऱ्या मज्जारज्जूच्या विकाराची डीएनए चाचणी. पाठ जितकी उतरती तितका अस्सल, हे मनातून काढा.
* डॉबरमन: रक्त न गोठण्याच्या विकाराची चाचणी. हृदय मात्र एका चाचणीवर सोडू नका. आईबापाची सोनोग्राफी आणि चोवीस तासांचा ईसीजी अलीकडचा आहे का, ते बघा. या जातीत धडधाकट दिसणारा कुत्रा अचानक कोसळतो.
* डाल्मेशियन: एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी पिल्ले निघतात. मागून टाळी वाजवून बघा, पण हवेचा झोत किंवा जमिनीचा हादरा लागणार नाही अशी. एका कानाचा बहिरेपणा टाळीने कळत नाही.
* करडे-ठिपकेदार 'मर्ल' रंग: असे दोन कुत्रे एकमेकांना लावू नयेत. आंधळी-बहिरी पिल्ले होतात. हा रंग 'दुर्मिळ' म्हणून जास्त पैसे मागितले, तर हसून निघा.

कोली पाळणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती गोठ्याशी जोडलेली आहे. गायीच्या गोचिडांसाठी आणलेली आयव्हरमेक्टिनची बाटली घरात असते. उरलेले "थोडेसे" कुत्र्याला टोचले जाते. कोलीत, काही जर्मन शेफर्डमध्येही, एका जनुकातल्या बिघाडामुळे हे औषध मेंदूत शिरते. कुत्रा झिंगतो, आंधळा होतो, मरतोही. याचीही चाचणी आहे. ती केलेली नसेल, तर ती बाटली कुत्र्याच्या बाबतीत कुलपातच राहू द्या.

पग, फ्रेंच बुलडॉग आणि आपला मे महिना

दौंडचा मे कसा असतो ते मी सांगायला नको. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता पग जिभेचा फावडा करून घरघरतो आणि घरचे म्हणतात, "गोड घोरतो." ते घोरणे नाही, श्वास पुरत नसल्याचा आवाज आहे. चपटे तोंड हेच ज्या जातीचे रूप, तिथे दोष रूपातच आहे. म्हणून निवड तरी सौम्य चेहऱ्याची करा.

पहाटेच्या गारव्यात पिल्लाच्या आईला तीन मिनिटे दुडक्या चालीने पळवायला सांगा. ब्रिटनमध्ये या जातींचा श्वास तपासून श्रेणी देण्यासाठी अशीच तीन मिनिटांची चाल वापरतात. मग तिच्याजवळ बसून ऐका. नुसता जोरात श्वास चालेल. घरघर, घशात अडकल्यासारखा आवाज, फेस, मागे वळून बसणे, यातले काही दिसले तर त्या घरातले पिल्लू नको. नाकपुड्या समोरून बघा. भोक उघडे दिसायला हवे, नुसती चीर नव्हे. आणि तिचे बाळंतपण कसे झाले तेही विचारा. बुलडॉगच्या बहुतेक माद्यांचे सिझेरियन करावे लागते. "ऑपरेशननंच झाली" हे ज्या जातीत रोजचे झाले आहे, तिचे एक वेत काढून पैसे कमवायचा बेत असेल, तर आधी दवाखान्याचे बिल मांडून बघा.

सेंट बर्नार्डबद्दल एकच वाक्य: तो बर्फातला कुत्रा आहे आणि आपल्याकडे बर्फ फक्त लग्नात असतो.

पिल्लू बघायला जाल तेव्हा

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने टोपलीतून पिल्लू मागवू नका. स्वतः जा, दिवसा जा, आणि या क्रमाने बघा:

१. आधी आई बघा, पिल्लू नंतर. आई "गावाला दिलीय" असे म्हटले की परत फिरा.
२. आईला बसलेली असताना हाक मारा. उठताना ती पुढच्या पायांवर अंग ओढते का? दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम उचलते का?
३. बाप दुसरीकडचा असणे गैर नाही. त्याचे नाव, नोंदणी क्रमांक, चालतानाचा व्हिडिओ आणि तपासण्यांचे कागद मागा.
४. कागदावरचा चिप क्रमांक आणि कुत्र्याच्या मानेतल्या चिपचा क्रमांक यंत्राने जुळवून घ्या. यंत्र नसेल, तर जवळच्या पशुवैद्याकडे जाऊन जुळवा.
५. नर पिल्लाचे दोन्ही वृषण खाली आले आहेत का, बेंबीला फुगवटा आहे का, जबडा जुळतो का, हे चाचपा. छाती पशुवैद्याला ऐकवा.
६. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू घेऊ नका. कायद्यानेही ते विकता येत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर थोडे थांबतो. मागच्या उन्हाळ्यात वरवंडकडचा एक लॅब्रॅडॉर आला होता. आठ महिन्यांचा, बत्तीस किलोचा, केस चकचकीत. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर तो बसला आणि उठताना मागचे पाय बाहेर घसरले. त्याने मान खाली घालून पुढचे दोन्ही पंजे रोवले, छातीने स्वतःला ओढले आणि उभा राहिल्यावर पहिल्यांदा शेपूट हलवली. एक्स-रेत खुब्याची वाटी पसरट बशीसारखी झाली होती. मालकाने पिल्लाच्या आईचा मोबाइलवर जपलेला व्हिडिओ दाखवला. तीसुद्धा अशीच उठत होती. पिल्लू घेताना त्यांनी तो वीस वेळा बघितला होता, पिल्लांकडे लक्ष ठेवून.

आपल्या मातीतला कारवान घ्यायचा असेल तर

"विलायती नको, कारवानी घेऊ, त्याला काही होत नाही" हा विचार निम्मा बरोबर आहे. पश्चिम महाराष्ट्राचा कारवान आणि कर्नाटकातला मुधोळ हे एकाच घराण्याचे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी हे कुत्रे नावारूपाला आणले. २००५ मध्ये टपाल खात्याने मुधोळवर तिकीट काढले, २०२० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन संस्थेने त्याची देशी जात म्हणून नोंद केली. उन्हाला तो टिकतो, खुबे बहुधा चांगले असतात, खर्च कमी.

पण गावोगाव दोन-तीनच नामांकित नर आणि सगळ्या माद्या त्यांच्याकडेच, असे झाले की देशी रक्तही आटते. उलट शर्यतीसाठी ग्रेहाउंड घालून वेग वाढवलेली पिल्ले 'शुद्ध कारवान' म्हणून विकली जातात. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. नोंदीसह पिल्लू हवे असेल, तर तिथे चौकशी करा. ऑपरेशनची वेळ आली, तर पशुवैद्याला "हा सडपातळ शिकारी जातीचा आहे" हे आठवणीने सांगा. ग्रेहाउंड वर्गातल्या कुत्र्यांना भुलीची काही औषधे फार वेळ चढून राहतात.

शिरूर-दौंडच्या उसात बिबट्या आहे म्हणून राखणीला दांडगी जात शोधणाऱ्यांना: बिबट्याला कुत्र्याची जात कळत नाही. साखळीला बांधलेला कुत्रा, मग रॉटवायलर का असेना, त्याच्यासाठी ताटात वाढलेला असतो. रात्री बंद पडवीत घ्या.

आपल्या कुत्रीचे वेत काढायचे असेल तर

आधी मन स्वच्छ करा. "एक वेत झाल्याशिवाय ऑपरेशन केलं तर कुत्री बिघडते" याला आधार नाही. उलट ऑपरेशन न केलेल्या कुत्रीत उतारवयात गर्भाशयात पू होतो, आणि तो दवाखान्यात मी नको तितक्या वेळा बघतो. तरीही वेत काढायचेच असेल, तर:

* कुत्री किमान १८ महिन्यांची हवी, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही. हे माझे मत नाही, श्वान प्रजनन व विक्रीचे २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही लागते.
* लावण्याआधी दोघांचीही ब्रुसेलाची तपासणी करा, आणि जननेंद्रियावर फ्लॉवरसारखी गाठ नाही ना, ते बघा. आपल्याकडे ही गाठ संबंधातून पसरते.
* नर निवडताना तिचे उणे ते त्याचे अधिक असावे. तिचा एक्स-रे मध्यम असेल तर त्याचा उत्तम हवा. दोघेही मध्यम म्हणजे पिल्ले नशिबावर.
* ती एखाद्या दोषाची वाहक निघाली तर घाबरू नका. त्या दोषाची चाचणी केलेल्या निर्दोष नराशी लावलीत, तर एकही पिल्लू त्याने बाधित होणार नाही, साधारण निम्मी वाहक होतील. सगळे वाहक एकदम बाद केले, तर जातीतले उरलेले रक्तच आटते.
* रागीट किंवा अति भित्री कुत्री कितीही देखणी असली तरी लावू नका. स्वभावही उतरतो.

'शुद्ध रक्ता'त दुसरे रक्त मिसळणे हे पापच, असे मानणाऱ्यांसाठी डाल्मेशियनची गोष्ट. या जातीच्या सगळ्याच कुत्र्यांत एक बिघाड होता. लघवीत यूरिक आम्ल साचून खडे व्हायचे. सगळेच बाधित, मग जातीतल्या जातीत निवड कुठून करणार? अमेरिकेतल्या रॉबर्ट शायबल या आनुवंशतज्ज्ञाने १९७३ मध्ये एका पॉइंटर कुत्र्याशी एकदाच संकर केला आणि पुढे दर पिढीला डाल्मेशियनच लावले. काही पिढ्यांत ठिपके तेच राहिले, लघवी सुधारली. तिथल्या केनेल क्लबने २०११ मध्ये त्यांना दारातून आत घेतले. अडतीस वर्षे लागली, ती बहुतेक माणसांच्या मनासाठी.

इथे फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनच्या गरोळ मेंढीतले जुळी देणारे एक जनुक दख्खनी मेंढ्यांत आणले, तेही रक्ताची चाचणी करत पिढ्यान्‌पिढ्या. धनगरांना हे समजावायला त्यांना भाषण करावे लागले नाही, कोकरे मोजून दाखवली.

फसवणूक झाली तर

बहुतेक तक्रारी एका गोष्टीवर पडतात: कागदच नसतो. म्हणून पैसे देण्याआधी साध्या कागदावर लिहून घ्या. पिल्लाचा चिप क्रमांक, जन्मतारीख, आईबापाची नावे आणि तपासण्या, लसीच्या तारखा, किंमत. पहिल्या काही दिवसांत संसर्ग निघाला किंवा दोन वर्षांत आनुवंशिक दोष निघाला, तर काय करणार, तेही. पैसे शक्यतो ऑनलाइन द्या, म्हणजे नोंद राहते. सही द्यायला जो कचरतो, त्याने उत्तर दिलेच आहे.

* आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. कधीकधी तेवढ्यावरच विक्रेता बोलायला येतो.
* नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार विक्रेता बेंगळुरूचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्याला, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते.
* पशुवैद्याकडून लेखी निदान घ्या: तारीख, चिप क्रमांक, एक्स-रे. नुसते "डॉक्टर म्हणाले" चालत नाही.
* कोंदट पिंजऱ्यांत सतत वेते काढणारा कोणी दिसला, तर पोलिसांत किंवा जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे तक्रार करा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे, पण ठाण्यात तो आठवून द्यावा लागतो. फोटो सोबत न्या.

मोठ्या तपासण्या दौंडला होत नसतील, तर पुण्यात औंधचे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय किंवा परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय हे पर्याय आहेत. आधी फोन करून वेळ घ्या, कुत्रा उपाशीपोटी न्या.

दोष निघालाच तर

कुत्रा परत करू नका, असे मी म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे. पण बहुतेक लोक करत नाहीत, एव्हाना तो घरातला झालेला असतो. मग त्याचे वजन उतरवा, फरशीवर पोती किंवा चटई टाका, जिना बंद करा, भीमेच्या काठी पाणी संथ असेल तिथे पोहू द्या, आणि नसबंदी करून घ्या, म्हणजे दोष इथेच थांबतो.

आणि एक फोन करा. विकणाऱ्याला नव्हे, तर ज्यांनी त्याच वेताची बाकीची पिल्ले नेली त्यांना. वरवंडच्या त्या मालकाने तसा केला. सातपैकी चौघांचे नंबर मिळाले. त्यातले दोघे म्हणाले, आमचाही असाच उठतो, आम्हाला वाटलं आळशी आहे.